पहिल्यांदा युरोपला निघालात? आधी पोटाचं आणि पायाचं बघा

केळी चालतात, पेढे चालत नाहीत. युरोपला निघालेल्या माणसाला मी पहिली गोष्ट हीच सांगतो, कारण व्हिसाचं आणि तिकिटाचं सांगणारे शंभर जण भेटतात पण बॅगेत खायला काय भरायचं हे कुणी धड सांगत नाही. नियम असा आहे की युरोपियन युनियनच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दूध, आणि त्यापासून बनलेलं काहीही आत नेता येत नाही. म्हणजे तूप, खवा, पेढे, श्रीखंड सगळं बाद. ताजी फळं-भाजी न्यायची तर सरकारी तपासणीचं सर्टिफिकेट लागतं, त्याला फक्त पाच अपवाद आहेत, केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन नावाचं एक वासाचं फळ. गंमत बघा भो, जळगावच्या केळीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे आणि जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही जीआय आहे, पण एकाला बिनकागदाचा प्रवेश आणि दुसरं दारातच अडकणार. आईने दोन किलो तूप कढवून ठेवलं होतं, ते निघायच्या दिवशी शेजारी देऊन आलो. तिने दोन दिवस तोंड फुगवलं होतं पण नाइलाज होता.

आम्ही गेलो मी, बायको आणि आई. आईचं वय ६७, माहेर अमळनेरकडचं, तोंडात अहिराणी, गुडघे बरे पण फार बरे नाही. आमचं पाइप आणि ठिबकचं दुकान आहे, सप्टेंबरात जरा सुस्ती असते म्हणून तेव्हाचा मुहूर्त धरला. तिकडेही सप्टेंबर चांगला, शाळेच्या सुट्ट्या संपलेल्या असतात, थंडी बोचत नाही. आम्ही ११ रात्री काढल्या आणि फक्त तीन ठिकाणं केली, पॅरिस, ल्युसर्न आणि रोम. ओळखीतल्या एकांनी टूरबरोबर १२ दिवसांत सात देश केले होते, त्यांना विचारलं काय आवडलं तर म्हणे बस चांगली होती. तेव्हाच ठरवलं की एका गावात निदान तीन रात्री नाही तर जायचंच नाही.

व्हिसाचं थोडक्यात सांगतो. एकच शेंगेन व्हिसा २९ देशांत चालतो, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. ब्रिटन त्यात नाही, लंडन पाहायचं तर वेगळा व्हिसा. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे सगळ्यात जास्त रात्री राहणार, सारख्याच असतील तर जिथे पहिलं पाऊल टाकणार त्याच्याकडे. मोठ्या माणसाची फी ९० युरो, वर व्हिसा सेंटरचे चार्जेस वेगळे, प्रवासाचा विमा निदान ३०,००० युरो कव्हरचा पाहिजे. पासपोर्ट १० वर्षांच्या आत काढलेला हवा आणि परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू राहणारा हवा, दोन पानं कोरी हवीत. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तर करा, कारण उन्हाळ्याच्या सीझनला अपॉइंटमेंट मिळत नाही. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, आम्ही रात्रीची अमरावती-मुंबई पकडली, पहाटे सीएसएमटी, काम उरकून रात्रीच्या गाडीने परत. दुकानदाराने जीएसटी, आयटीआर आणि बँक स्टेटमेंट नीट लावावं, आणि व्हिसाच्या चार दिवस आधी खात्यात एकदम मोठी रक्कम आणून टाकू नये, ते त्यांना लगेच दिसतं. शेती असेल तर सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर जोडा, माझ्या मामेभावाने जोडलं होतं. आणि हो, आम्हाला पासपोर्टवर शिक्का मारून सोडलं होतं पण ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या विमानतळावर ठसे आणि फोटो घेणं सुरू झालंय, त्यामुळे उतरल्या उतरल्या पुढची ट्रेन दीड तासावर ठेवू नका.

बॅगेत काय भरलं ते एकदा सांगून टाकतो. शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, मेथकूट, तिखट शेव, खाकरे, दोन किलो तांदूळ, किलोभर मुगाची डाळ आणि कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, थोडं पीठ. लोणचं आणि ठेचा हातातल्या बॅगेत नेऊ नका, १०० मिलीच्या वरचं ओलं काहीही सिक्युरिटीला काढतात, चेक-इनमध्ये टाका आणि दोन पिशव्यांत गुंडाळा नाहीतर सगळे कपडे लोणच्याचे होतील. पॉवर बँक उलटी, ती हातातल्या बॅगेतच. मोबाईलचा आपला बारीक दोन पिनांचा चार्जर तिकडे बसतो, आपल्या तीन पिनांचं काही बसत नाही, त्यासाठी अॅडॉप्टर घ्या.

बूट मात्र महिनाभर आधी घ्या. मी आमच्या जळगावच्या मेहरूण तलावाभोवती रोज नवे बूट घालून फिरलो, लोक हसले, पण तिथे रोज १५ ते २० हजार पावलं होतात आणि नवे कोरे बूट घालून आलेला एक माणूस मी पॅरिसच्या लूव्र म्युझियमच्या आवारात मोजे काढून बसलेला पाहिला. आईला आम्ही स्पोर्ट शूज घातले नऊवारीवर... नाही, नऊवारी नाही, साधी गोल साडीच, पण बूट घातले. पहिल्या दिवशी लाजली, तिसऱ्या दिवशी म्हणाली की आता घरीही हेच घालणार.

पॅरिस, चार रात्री

पहिला धडा, दुकानात शिरल्यावर आधी 'बोंझूर' म्हणायचं. आपण कसं, काउंटरवर गेल्या गेल्या "अरे भाऊ दोन चहा दे" म्हणतो, तिथे ते उद्धट समजतात. मी पहिल्या सकाळी बेकरीत जाऊन सरळ बोट दाखवून "टू क्रोसाँ" म्हटलं तर बाईने माझ्याकडे बघून सावकाश, शाळेतल्या बाईंसारखं "बोंझूर मस्यू" म्हटलं आणि थांबली. मी म्हटलं बोंझूर. मग हसली आणि क्रोसाँ दिले. त्या एका शब्दाने पुढचे चार दिवस सोपे गेले, इंग्रजीही मग सगळे बोलतात. निघताना 'मेर्सी'.

आता बघायचं काय. अजिंठा सोमवारी बंद असतं हे आपल्याला पाठ असतं ना, पाहुणे आले की पहिलं तेच सांगतो, तसंच तिथलं पाठ करा. लूव्र मंगळवारी बंद, ओर्से म्युझियम सोमवारी बंद, व्हर्सायचा राजवाडाही सोमवारी बंद. आणि तिकीट ऑनलाइन वेळ ठरवून काढायचं, आयत्या वेळी जाऊन रांगेत उभं राहणं हा वेडेपणा आहे. आयफेल टॉवरचं लिफ्टचं तिकीट साधारण ६० दिवस आधी उघडतं, तारीख कॅलेंडरला लावून ठेवा. टॉवर १८८९ चा, उंची ३३० मीटर. मी सांगतो दुसऱ्या मजल्यापर्यंतचंच तिकीट घ्या, तिथून शहर ओळखू येतं, एकदम वर गेलं की सगळं खेळण्यातलं दिसतं आणि पैसे जास्त. दमदार पाय असतील तर दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या चढूनही जाता येतं, स्वस्त पडतं. खरी मजा रात्री खालून आहे, अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं टॉवर चमचमतो, समोर त्रोकादेरोच्या ओट्यावर जाऊन बसायचं, फुकट. आई म्हणाली मेहरूणच्या जत्रेपेक्षा भारी.

लूव्रमध्ये सगळं बघायला जाऊ नका, मरून जाल. मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटिमीटरची आहे, म्हणजे आपल्या घरातल्या देवाच्या कॅलेंडरपेक्षा थोडी मोठी, आणि पुढे दोनशे मोबाईल वर. आईने माझ्या खांद्याला धरून टाचा उंचावून बघितलं आणि म्हणाली, "इतलीशीच शे हाई?" मी म्हटलं हो. तिथे अर्धा तास गेला. त्यापेक्षा खाली जुन्या किल्ल्याचा पाया दिसतो तो आणि इजिप्तचा भाग बघा, तिथे शांतता असते. दोन तास, मग बाहेर. ओर्से मला जास्त आवडलं, जुन्या रेल्वे स्टेशनात म्युझियम केलंय, भुसावळच्या माणसाला स्टेशनचं छत बघूनच समाधान होतं. नोत्र-दाम चर्च २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं, आत जायला पैसे नाहीत, सकाळी लवकर जा.

मेट्रो झकास आहे पण म्हाताऱ्या माणसांना त्रासाची. बहुतेक जुन्या स्टेशनांना लिफ्ट नाही, जिने चढा जिने उतरा, एका लाइनवरून दुसरीवर जायला बोळांतून चालत राहा. आईसाठी आम्ही बस पकडायला लागलो, पुढच्या दाराने चढायचं, खिडकीतून शहरही दिसतं. मेट्रो आणि बस यांचं तिकीट आता वेगळं वेगळं असतं हे लक्षात ठेवा, आणि तिकीट किंवा कार्ड बाहेर पडेपर्यंत सांभाळा, मधे चेकर उभे असतात आणि पर्यटक आहे म्हणून सोडत नाहीत.

जेवणाचं. फ्रान्समध्ये जेवायच्या वेळा ठरलेल्या, दुपारी १२ ते २, रात्री सातनंतर. चार वाजता भूक लागली तर बऱ्याच हॉटेलांचं किचन बंद, फक्त कॉफी. आम्ही पहिल्या दिवशी साडेतीनला तीन हॉटेलं फिरलो, शेवटी बाकावर बसून शेव खाल्ली. पाणी विकत घेऊ नका, 'काराफ दो' मागा, नळाचं पाणी भांडं भरून फुकट आणून देतात आणि ते चांगलं असतं, आम्ही चार दिवस तेच प्यालो. व्हेज माणसाने ऑनियन सूपच्या नावाला भुलू नये, ते बहुतेक बीफच्या पाण्यात शिजवलेलं असतं. मी नावावरून मागवणारच होतो, बायकोने विचारलं म्हणून वाचलो. व्हेज म्हणजे मासे चालतात असंही पुष्कळांना वाटतं, म्हणून मांस नाही, मासे नाही, चिकन नाही, सूपाचं पाणीही मांसाचं नाही असं सगळं तोडून विचारायचं, लाज बाळगायची नाही.

काय खावं तर गॅलेट. हे कुट्टूच्या पिठाचं मोठं धिरडं, तव्यावर लाकडी फिरकीने असं गोल पसरवतात की आई हातातली पर्स विसरून बघत उभी राहिली, म्हणे हात बसलेला आहे बाईचा. त्यात चीज आणि मशरूम घालायला सांगा. मेनूत 'कोंप्लेत' असेल तर त्यात डुकराचं मांस असतं, ते टाळा. मारे भागात र्‍यू दे रोझिए नावाची गल्ली आहे, तिथलं फलाफल पोटभरीचं, आत तळलेलं वांगं घालतात, आणि तिखट सॉस मागितला तर मिळतो. आणि अगदीच कंटाळलात तर गार द्यु नॉर स्टेशनच्या मागे ला शापेल भागात जा, सगळी तमिळ वस्ती, डोसा, सांबार, केळीची पानं, तिथेच गणपतीचं देऊळ, दरवर्षी साधारण ऑगस्टअखेर रथ निघतो आणि रस्त्यावर नारळ फोडतात. आईला पॅरिसमधलं सगळ्यात जास्त काय आवडलं हे तुम्ही ओळखलं असेलच.

पैशाचा एक मुद्दा इथेच. युरो शंभराच्या वर आहे, त्यामुळे गुणायला सोपं आणि तोच घात. आई प्रत्येक गोष्टीला शंभराने गुणायची, "पाचशे रुपयाना चहा? सोनाना शे का काय?" दुसऱ्या दिवशी नियम केला की गुणाकार फक्त रात्री रूमवर. आणि कार्ड मशीनवर रुपये की युरो असं विचारलं तर कायम युरो दाबा, रुपये दाबलं की त्यांचा रेट लागतो आणि तो कधीच आपल्या फायद्याचा नसतो. एटीएमलाही तेच.

ल्युसर्न, तीन रात्री, आणि फोडणीचा किस्सा

पॅरिसहून ट्रेनने बासेल, तीन तासांच्या आसपास, तिथून तासाभरात ल्युसर्न. स्वित्झर्लंडमध्ये युरो नाही, फ्रँक. महाग म्हणजे महागच, त्यामुळे तिथे हॉटेल न घेता आम्ही किचनवाली खोली घेतली, आणि इथे माझी चूक सांगतो. पाच दिवस पाव खाऊन आईचा जीव आंबला होता. तिने मुगाची खिचडी लावली आणि वरून तेलात लसूण, लाल तिखट आणि काळा मसाला टाकून चरचरीत फोडणी दिली. खिडकी थंडीमुळे बंद. दहा सेकंदांत छतावरचं भांडं असं किंचाळायला लागलं की मला वाटलं बिल्डिंगच पेटली. मी खुर्चीवर चढून टॉवेल हलवतोय, बायको खिडकी उघडतेय, आई गॅस... गॅस नव्हताच, ती शेगडी विजेची, ती बंद होते पण लगेच गार होत नाही, कढई तशीच धुमसतेय. वरच्या मजल्यावरचे आजोबा दारात आले, जर्मनमध्ये काहीतरी बोलले, मग त्यांना ठसका लागला. आम्ही सॉरी सॉरी केलं. आईने वाटीत थोडी खिचडी दिली, ती त्यांनी नेली, पुढं काय झालं माहीत नाही.

तर धडा असा, तिकडे अशा भाड्याच्या खोल्यांत छताला बऱ्याचदा धुराचा अलार्म असतो. फोडणी द्यायची तर आधी पंखा सुरू, खिडकी उघडी, तेल कमी तापवायचं आणि तिखट शेवटी थेट भाजीत. किंवा आमच्यासारखं पुढचे दिवस करा, वरणभात साधा आणि वर चटणी-तेल कच्चं. भाकरी त्या सपाट शेगडीवर नीट फुगत नाही, कळण्याचं पीठ तसंच परत आणलं.

दुसरं, रविवारी स्वित्झर्लंडमध्ये दुकानं बंद. खरंच बंद, शटर खाली. फक्त मोठ्या रेल्वे स्टेशनातली सुपरमार्केट उघडी असतात, दूध-दही तिथूनच.

डोंगर बघायचा तर सगळे युंगफ्राउयोखला जा म्हणतात. ३,४५४ मीटर, बर्फ, वर ट्रेन जाते, तिकीटही डोंगराएवढंच. आईचा दम आणि आमचा खिसा बघून आम्ही रिगी केला. १,७९८ मीटर, तिथली दातेरी चाकाची रेल्वे १८७१ ची, युरोपातली तशी पहिली. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर रिगी त्यातच येतो, तळ्यातली बोटही त्यातच, वेगळं तिकीट नाही. सकाळी बोटीने जा, वर जाऊन बाकावर बसा, गाईंच्या घंटा वाजत असतात. आई तासभर काही बोलली नाही. तिच्या बाबतीत हे फारच.

नळ आणि कारंज्यांचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली भरत राहा, फक्त 'कायन ट्रिंकवासर' अशी पाटी असेल तिथलं पिऊ नका. खायला र्‍योश्टी, म्हणजे किसलेल्या बटाट्याची जाड खरपूस पोळी, आपल्या उपासाच्या थालीपिठाची चुलत बहीण, पण बेकन नको सांगा. फोंड्यूमध्ये, म्हणजे पाव बुडवून खायच्या वितळलेल्या चीजमध्ये, वाइन असते, आईला आम्ही सांगितलं नाही... म्हणजे मागवलंच नाही.

रोम, चार रात्री

ल्युसर्नहून मिलान आणि तिथून फास्ट ट्रेनने तीनेक तासांत रोम. वाटेत गोटहार्डचा बोगदा लागतो, ५७ किलोमीटर, जगातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा, २०१६ ला सुरू झाला. कसाऱ्याच्या घाटातले बोगदे मोजत मोठे झालेलो आपण, इथे जळगाव-भुसावळ जाऊन-येऊन होईल एवढा एकच, वीसेक मिनिटं नुसता काळोख.

रोममध्ये आलं की खान्देशी माणसाला घरी आल्यासारखं वाटतं, गोंगाट, हॉर्न, हातवारे करून बोलणं, ऊन. आणि वांगी! बाजारात ढिगाने वांगी. हॉटेलात 'मेलान्झाने' शब्द दिसला की बोट ठेवा, ते वांगं. 'पार्मिज्याना' म्हणजे वांग्याचे काप, टोमॅटो आणि चीज थरावर थर लावून भट्टीत भाजलेलं. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "मीठ बरोबर शे, फक्त भाजेल नही," म्हणजे चुलीवर भाजून घ्यायला पाहिजे होतं. भरीत नाहीच ते, पण वांगं ते वांगं.

तिखट पाहिजे तर 'पेन्ने आल्लाराब्याता' मागा, आराब्याता म्हणजे रागावलेला, मिरचीमुळे नाव पडलंय. आपल्याला तो राग म्हणजे लहान पोराचा रुसवा वाटतो, म्हणून वर 'पेपेरोन्चिनो' जास्त मागा, तेलातली मिरची आणून देतात. 'आल्यो ए ओल्यो' म्हणजे लसूण, तेल, मिरचीतली स्पॅगेटी, ही सगळ्यात भरवशाची, चीज टाकू नका म्हटलं तर पक्की शाकाहारी. चीजचं एक सांगतो, पार्मेझान आणि पेकोरिनो ही चीज वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या रेनेटने दही विरजावं तसं धरवतात, कट्टर शाकाहारी आणि जैन मंडळींनी विचार करून घ्यावं. आम्ही आईला हे सांगितलं, तिने चीज बाजूला केलं, आम्ही नाही केलं.

दुपारी 'पित्सा आल ताल्यो' बेस्ट. लांब चौकोनी पिझ्झा, तुम्ही बोटांनी दाखवाल एवढा कात्रीने कापून वजनावर देतात. नुसता बटाट्याचा, नुसता टोमॅटोचा मिळतो. सुप्ली म्हणजे भाताचे तळलेले गोळे, दिसायला बटाटेवडा, पण आत बहुतेक खिमा असतो, विचारून घ्या. कॉफी काउंटरला उभं राहून प्यायची, त्याच हॉटेलात बसलात की दर वाढतो. बिलात माणशी दोन-तीन युरो ब्रेडचे दिसले तर भांडू नका, ती तिथली पद्धत आहे, टिप मग वेगळी द्यावी लागत नाही. पाण्याची बाटली मात्र हॉटेलात पैशाची, पण रस्त्यावर जागोजागी 'नाझोनी' म्हणून लोखंडी नळ आहेत, २४ तास गार पाणी वाहतं. आपल्याकडे मार्चपासून टँकरच्या मागे धावणाऱ्या माणसाला तो बंद न होणारा नळ बघून पोटात गोळा येतो. मी एकदा हाताने बंद करायला बघितलं, तोटीच नाही.

आता केळी. स्टेशनजवळच्या एका सुपरमार्केटात मी केळी घेतली, एवढं आयुष्य केळीच्या गावात गेलं, म्हटलं यांची चव बघू. घेतली आणि सरळ काउंटरवर. मुलीने मान हलवली, केळीकडे बोट, मग मागे बोट. मागे माझ्या आठ माणसं. मला वाटलं खराब आहेत, दुसरी आणली. पुन्हा मान हलवली. शेवटी मागच्या आजीबाई माझा दंड धरून भाजीच्या कोपऱ्यात घेऊन गेल्या, प्लास्टिकचा हातमोजा घातला, केळी वजनकाट्यावर ठेवली, केळीच्या खणावर ३२ की असाच काहीसा नंबर होता तो दाबला, चिठ्ठी निघाली, पिशवीला चिकटवली आणि माझ्या गालावर थापटी मारून गेल्या. तर, इटलीतल्या बऱ्याच सुपरमार्केटांत फळ-भाजी आपणच मोजून चिठ्ठी लावायची, आणि उघड्या हाताने फळ चिवडायचं नाही, हातमोजा घालायचा. केळी लांब, पिवळीधमक, डाग नाही, स्टिकर लॅटिन अमेरिकेचं, आणि चव? रावेरचा माल हातात असता तर त्या आजीबाईंना दिला असता.

कोलोसियमचं तिकीट नावावर निघतं, पासपोर्ट बरोबर ठेवा, नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत. साधारण महिनाभर आधी तिकिटं उघडतात, त्याच तिकिटात शेजारचं रोमन फोरम आणि पॅलेटाइन टेकडी येते. इसवी सन ८० मध्ये उघडलेलं ते. अजिंठ्याची सगळ्यात जुनी लेणी त्याच्याही आधीची, आणि ती आमच्या घरापासून साठेक किलोमीटरवर, आणि मी शेवटचा गेलो तो शाळेच्या सहलीत. हे मला कोलोसियमच्या पायरीवर आठवलं. पँथिऑन म्हणजे जुनं रोमन देऊळ, आम्ही गेलो तेव्हा ५ युरो तिकीट होतं, छताला मधोमध भोक आहे, पाऊस आला की सरळ आत पडतो. सेंट पीटर चर्च फुकट, पण खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, साडी एकदम चालते, माझी हाफ पँट चालली नाही, मी बाहेर बसलो आणि सासू-सून आत जाऊन आल्या. घुमटावर चढायला ५५१ पायऱ्या, लिफ्टने गेलं तरी शेवटच्या तीनशेच्या वर चढाव्याच लागतात. व्हॅटिकनचं म्युझियम रविवारी बंद, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून, त्या दिवशी फुकट असतं आणि म्हणूनच जाऊ नका, चेंगराचेंगरी. स्पॅनिश स्टेप्सच्या पायऱ्यांवर बसलात तर दंड होतो, २०१९ पासून, शिट्टी वाजवून उठवतात.

खिसेकापूंचं सांगायलाच पाहिजे. पॅरिसची मेट्रो आणि रोमची ६४ नंबरची बस, टर्मिनी स्टेशन ते व्हॅटिकन, या दोन जागा त्यासाठी प्रसिद्ध. कुणी मनगटाला दोरा बांधायला आलं, सही करा म्हणून कागद पुढे केला, अंगठी सापडली म्हणाला, तर थांबायचंच नाही. पासपोर्ट आणि मोठे पैसे बनियनच्या आतल्या खिशात, भुसावळ स्टेशनवरून लग्नाला जाताना ठेवतो तसे. फोन टेबलावर ठेवून जेवू नका.

संडासचा विषय कुणी काढत नाही म्हणून मी काढतो. पाण्याचा पाइप कुठेही नाही, कागद. एक छोटी बाटली कायम बरोबर ठेवा. इटलीत राहत्या घरांत बिडे नावाचं वेगळं बेसिन असतं, आईला वाटलं पाय धुवायला आहे, आणि तिने चार दिवस तसंच वापरलं, काही बिघडलं नाही. बाहेर ५० सेंट ते एक युरो लागतो आणि कधी कधी सुट्टंच लागतं. पॅरिसच्या रस्त्यावरची हिरवट-करडी डबी मात्र फुकट. कॉफी घेतली की तिथलं वापरून घ्यायचं, हा साधा हिशोब.

दिवसाचा हिशोबही साधा ठेवा, सकाळी एक मोठी गोष्ट, संध्याकाळी एक छोटी, मधे दोन तास रूमवर पाय वर करून. आम्ही एकाच दिवशी तीन गोष्टी करायला गेलो ती एकच दुपार आमची भांडणात गेली, कुणी काय बघितलं कुणालाच आठवत नाही.

शेवटच्या दिवशी सुट्टी नाणी संपवा, आपल्याकडे पैसे बदलणारे नोटा घेतात, नाणी घेत नाहीत. रोमच्या विमानतळावर आम्ही सगळी काउंटरवर ओतून तीन कॉफ्या घेतल्या, तरी आईच्या बटव्यात १ युरो ४० सेंट निघालेच, ते आता देवघरातल्या वाटीत सुपारीशेजारी पडलेत.